भरल्या पोटी ऊस बुरशीला दारात घेत नाही

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आमचा चार एकर ऊस आहे. दोन एकर विहिरीजवळ, काळी कसदार जमीन. दोन एकर वरच्या माळावर. माळाचा तुकडा दोन वर्षांपूर्वी यंत्राने सपाट करून घेतला, तेव्हापासून तिथला ऊस बारीकच राहतो, फुटवेही कमी. मागच्या लागणीला मी हौसेने मायकोरायझा (मुळांशी जोडी करून राहणारी उपयोगी बुरशी) आणली आणि चांगल्या जमिनीत चांगलं काम करेल म्हणून विहिरीजवळच्या दोन एकरांत टाकली. बेणं नेहमीसारखं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवलं, मायकोरायझाची भुकटी डीएपी खतात कालवून सरीत सोडली. डीएपी एकरी तीन पोती, शिवाय दरवर्षी एकरी पाच टन साखर कारखान्याच्या मळीचं (प्रेसमडचं) कंपोस्ट असतंच. ऊस निघाला एकरी ४५ टन, आधी निघायचा तेवढाच. मामंजी म्हणतात, ‘बुरशी म्हणजे रोग, ती विकत कशाला आणायची? आणि डीएपीला हात लावू नकोस. एकदा कमी केलं होतं तेव्हा फुटवेच आले नव्हते.’ माती तपासून घेतली. उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) विहिरीजवळ हेक्टरी ५८ किलो, माळावर ११. आता पुन्हा लागण आली आहे. ही बुरशी खरंच काम करते का? आणि डीएपीचं काय करू?
– एक ऊस उत्पादक वाचक

उत्तर:

ताई,

तुम्ही दोन्ही तुकड्यांची माती वेगवेगळी तपासलीत, हे फार चांगलं केलंत. ५८ आणि ११ या दोन आकड्यांतच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. मायकोरायझा काम करते. पण तुम्ही ती टाकलीत तिथल्या उसाला तिची गरज नव्हती, आणि गरज होती तो माळ तसाच राहिला.

असं का होतं, ते जरा सविस्तर सांगते. ते एकदा नीट समजलं की किती टाकायचं, कुठे टाकायचं याचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

नत्र पाण्याबरोबर चालतं. पाणी दिलं की ते मुळापर्यंत येतं, जास्त पाणी दिलं तर मुळाखालूनही निघून जातं. स्फुरदाचं तसं नाही. ते जिथे पडलं तिथेच मातीला चिकटून बसतं. चुनखडीच्या जमिनीत चुन्याशी बांधलं जातं, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमशी. मुळाच्या अगदी लगतचं, एक-दोन मिलिमीटरच्या आतलं स्फुरद मूळ उचलतं, आणि मग त्याच्याभोवती एक रिकामं कडं तयार होतं. त्या कड्यापलीकडे भरपूर स्फुरद असलं तरी ते सरकत सरकत मुळाकडे यायला फार वेळ लागतो. म्हणूनच खतातून दिलेल्या स्फुरदातला थोडासाच भाग त्या पिकाला मिळतो आणि बाकीचा जमिनीत साठत जातो. वाया जात नाही बरं का, साठतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मायकोरायझाची बुरशी हे रिकामं कडं ओलांडते. तिचे तंतू केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात. मूळ शिरणार नाही अशा मातीच्या फटींतून ते जातात, कड्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर पसरतात, तिथलं स्फुरद उचलतात आणि तंतूंच्या आतून मुळापर्यंत वाहून आणतात. जस्ताचंही तसंच. मुळाच्या पेशीत शिरल्यावर हा तंतू फांद्या फुटलेल्या झाडासारखा होतो. उसाची बारीक मुळं निळ्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा प्रत्येक पेशीत एकेक इवलंसं झुडूप बसलेलं दिसलं होतं. खालून एक खोड, वर फांद्या, त्या इतक्या दाट की शेंड्याकडे नुसता निळा धूसर गोळा. देवघेव तिथे होते. बुरशी स्फुरद देते, ऊस साखर आणि स्निग्ध पदार्थ देतो. या बुरशीला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती झाडाकडून घ्यावी लागते, हे २०१७ साली स्पष्ट झालं. ही झुडपं काही दिवसच टिकतात, विरतात, मग शेजारच्या पेशीत नवी उगवतात.

मामंजींच्या ‘बुरशी म्हणजे रोग’ या म्हणण्याला कारण आहे. ऊसवाल्याने आयुष्यभर बुरशी म्हणून पाहिली ती लाल कूज, काणी आणि मर. पण त्यांना हे सांगा की ही बुरशी त्या घरातली नाही. तिला जिवंत मुळाशिवाय वाढताच येत नाही, त्यामुळे मूळ मारून तिचं भागत नाही. झाडं जमिनीवर आली त्या काळापासूनची ही जोडी आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांत हीच झुडपं दिसली आहेत, आणि त्या वनस्पतींना अजून खरी मुळंही नव्हती. मायकोरायझा हे नाव मात्र अलीकडचं. जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी ते १८८५ मध्ये दिलं. अर्थ एवढाच, बुरशी आणि मूळ.

जिवंत मूळ लागतं म्हणूनच, ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी किंवा जिवाणू खतं आपण गुळाच्या पाण्यात ड्रममध्ये वाढवतो तशी ही वाढत नाही. कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. ड्रममध्ये वाढतं ते दुसरंच काहीतरी असतं.

आता मुख्य मुद्दा. विहिरीजवळ काही का झालं नाही?

उसाला स्फुरदाची भूक लागली की मुळातून तो एक द्रव्य मातीत सोडतो, स्ट्रायगोलॅक्टोन त्याचं नाव. ही हाक असते. जवळच्या बुरशीला ती कळते, तिचे तंतू फांद्या फोडून मुळाकडे धाव घेतात. हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. (ज्वारीवर येणारा टारफुला याच हाकेवर जमिनीतून उगवतो, त्या द्रव्याला नावच टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून पडलं.) स्फुरदाने पोट भरलेलं असलं की झाड ही हाक देणं जवळजवळ थांबवतं. बुरशी दारात आलीच तरी तिला फारशी आत घेत नाही. झाडाच्या बाजूने हा शहाणपणाच आहे. जे आयतं मिळतंय त्यासाठी साखर का खर्चायची? तुमच्या विहिरीजवळ हेच झालं. तुम्ही पाहुणी आणलीत, पण घराला कुलूप होतं.

ते कुलूप कसं लागलं, ते आकड्यांत पाहू. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतं. तीन पोती म्हणजे ६९ किलो स्फुरद. मळीचं कंपोस्ट आपण नुसतं सेंद्रिय खत म्हणून टाकतो, पण मळीत स्फुरद बरंच असतं. पाच टनांत तीन टन कोरडा भाग धरला आणि त्यात दोन टक्के स्फुरद धरलं, तरी ६० किलो होतं. म्हणजे ज्या वर्षी लागण असते त्या वर्षी एकरी सव्वाशे किलोच्या वर. एक टन ऊस जमिनीतून साधारण अर्धा ते एक किलो स्फुरद नेतो. ४५ टनांनी नेलं २२ ते ४५ किलो. बाकीचं कुठे गेलं? जमिनीत. वर्षानुवर्षं हेच चाललं असेल, म्हणून आज तिथे ५८ आकडा दिसतो. विहिरीजवळची जमीन तुमच्या घराने चांगली सांभाळली आहे, यात वाद नाही. पण आता ती बँकेत भरपूर शिल्लक असलेल्या खात्यासारखी आहे, आणि आपण अजून दरवर्षी भर घालतोय.

जास्त स्फुरद नुसतंच पडून राहत नाही. ते जस्ताच्या उचलीत अडथळा आणतं, आणि बुरशी कमी झाल्याने जस्त आणखी कमी येतं. त्या तुकड्यात कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टे दिसतात का, ते बघा. दिसत असतील तर माती अहवालात जस्ताचा आकडाही पाहा.

आता फुटव्यांबद्दल. मामंजींनी जे पाहिलं ते खरं पाहिलं, असंच मी धरून चालते. उसाला सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत स्फुरद कमी पडलं तर फुटवे खरोखर कमी येतात. त्याचं एक कारण मोठं विलक्षण आहे. बुरशीला हाक मारणारं तेच स्ट्रायगोलॅक्टोन झाडाच्या आत वर चढून बुडाशी असलेल्या डोळ्यांना ‘थांबा’ म्हणतं. भुकेल्या झाडाने नवी तोंडं वाढवू नयेत, म्हणून. भातात हे नीट तपासलं गेलं आहे, आणि ऊस त्याच गवताच्या कुळातला. तेव्हा स्फुरद आणि फुटवे यांचं नातं मामंजींनी अनुभवातून बरोबर ओळखलं.

पण त्यांना एक प्रश्न विचारा. त्या वर्षी डीएपी कमी केलं, तेव्हा त्यातून कमी झालेलं नत्र दुसरीकडून दिलं होतं का? बहुतेक वेळा इथेच गफलत होते. दोन पोती डीएपी कमी केलं की १८ किलो नत्रही लागणीच्या वेळचं कमी होतं. फुटवे कमी येतात ते नत्र कमी पडल्याने, आणि दोष येतो स्फुरदाच्या माथी. दोन पोती डीएपी वगळलं तर साधारण ४० किलो युरिया जास्त द्यायचा, हा हिशोब वहीत लिहूनच ठेवा. आणि तो एकदम लागणीला नको, पहिल्या दीड महिन्यात दोन हप्त्यांत द्या.

विहिरीजवळच्या तुकड्यासाठी माझं म्हणणं असं: तिथे यंदा मायकोरायझा विकत आणून टाकू नका. डीएपी एकरी एका पोत्यावर आणा, तेही सरीत बेण्याच्या खाली-बाजूला, कारण कोवळी मुळं आखूड असतात आणि त्यांना हाताशी थोडं लागतं. मळीचं कंपोस्ट तिथलं थांबवा आणि सगळं माळावर न्या. दोन पिकं गेल्यावर पुन्हा माती तपासा. शिल्लक उतरू लागली की त्या जमिनीतल्या मूळच्या बुरशी आपोआप डोकं वर काढतील. उसाच्या जमिनीत त्या असतातच, बाहेरून आणाव्या लागतात अशी वेळ कमी येते. हे विकणारे सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगते.

मग बाहेरून कधी आणायची? जिथे मूळची बुरशी उणावलेली असते तिथे. जमीन बराच काळ पड राहिली असेल तर, कारण मूळ नाही म्हणजे बुरशीला अन्न नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाऊन्स भागात लांब पडीनंतरची पिकं स्फुरद-जस्ताअभावी खुरटायची, तिथे हेच कारण निघालं. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांच्यानंतर लागण असेल तरीही, कारण ही पिकं या बुरशीला मुळात थारा देत नाहीत. कोकोपीटमध्ये ट्रेवर वाढवलेल्या रोपांना, कारण कोकोपीटमध्ये ती नसते. आणि वरची माती खरवडून निघालेल्या जमिनीत.

ताई, तुमचा माळ नेमका हा शेवटचा. सपाटीकरणात उंचवट्याची वरची वीतभर माती खोलगटात गेली आणि खालची कोरी माती उघडी पडली. त्या वीतभर मातीत स्फुरद होतं, सेंद्रिय अंश होता, बुरशीचे बीजाणू आणि तंतू होते. एकाच दिवसात तिन्ही गेलं. मापून बघा: खरवडलेल्या बाजूचा ऊस बारीक, कांड्या आखूड, पानं अरुंद आणि निळसर हिरवी असतील, भर पडलेल्या बाजूचा त्यामानाने बरा असेल. असं दिसलं तर माझं निदान पक्कं समजा. मायकोरायझा टाकायची ती इथे.

पण बुरशी स्फुरद निर्माण करत नाही, हे डोक्यात स्पष्ट असू द्या. ती फक्त वाहून आणते. जिथे आणायलाच काही नाही तिथे ती काय आणणार? म्हणून माळावर स्फुरद बंद करायचं नाही. एकरी दोन पोती डीएपी आणि सगळं मळीचं कंपोस्ट, इतकं द्या. तीन पोती नकोत. बुरशीला हवी असते थोडी भूक शिल्लक असलेली मुळं, उपाशी नव्हे आणि तुडुंबही नव्हे.

देण्याची पद्धत तुमच्या पत्रातल्यापेक्षा थोडी बदलावी लागेल. भुकटी डीएपीत कालवली, हे झालं नसतं तर बरं होतं. डीएपीच्या दाण्याभोवती क्षार आणि अमोनिया तीव्र असतो, त्यात जिवंत बीजाणू घालणं म्हणजे बी मिठात ठेवण्यासारखं. डीएपी आधी सरीच्या तळाशी द्या, कुदळीने मातीआड करा, त्यावर दोन-तीन बोटं माती येऊ द्या. मायकोरायझा चाळलेल्या कंपोस्टमध्ये मिसळा आणि बेण्याच्या बरोबर खाली, टिपरीला लागेल अशी पट्ट्याने पसरा. मग टिपरी ठेवा.

टिपरीखालीच का, ते एकदा डोळ्यांनी पाहा. लागणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी एक टिपरी हलक्या हाताने उकरून काढा. डोळ्याशेजारी कांडीवर बारीक ठिपक्यांचं कडं असतं, त्यातून निघालेली बारीक, फांद्या फुटलेली तपकिरी मुळं दिसतील. ही बेण्याची मुळं, थोड्या दिवसांची. पुढे कोंबाच्या बुडातून जाड, पांढरीशुभ्र मुळं निघतात, ती उसाची खरी मुळं. बुरशी आधी बारीक मुळांत शिरते, जाळं पसरते आणि जाड मुळं व त्यांचे फाटे फुटले की त्यांच्यात जाते. पहिल्या मुळांच्या वाटेत ती नसेल तर एक-दीड महिना फुकट जातो, आणि फुटव्यांचा काळ तोच असतो. पृष्ठभागावर फेकून किंवा पाण्याबरोबर सोडून ती तिथे पोचेलच असं नाही.

कार्बेन्डाझिमचं काय? बेणं बुडवणं सोडू नका. काणी आणि कुजीपासून बेणं वाचलं पाहिजे, त्यावर तडजोड नको. पण हे औषध या बुरशीलाही मारक आहे, हे खरं. म्हणून बुडवलेलं बेणं सावलीत पूर्ण निथळू द्या, मायकोरायझा बेण्याला चोळण्याऐवजी कंपोस्टमधून मातीत द्या, आणि लागणीनंतर त्या तुकड्यात कार्बेन्डाझिमची आळवणी करू नका. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, सोबत दिले तर चालतात. ते बांधलेलं स्फुरद सोडवतात, बुरशी ते वाहते, दोघांचं जमतं.

रोपं लावणार असाल तर त्याहून सोपं. ट्रेच्या मिश्रणातच बुरशी घाला, थोडीशी पुरते आणि रोप शेतात जातं ते तिला मुळात घेऊनच. फक्त रोपवाटिकेत स्फुरदाच्या फवारण्या आणि आळवण्या आवरा. नाहीतर विहिरीजवळचीच चूक ट्रेमध्ये होईल.

पाकीट घेताना दोन गोष्टी वाचा. एक, जिवंत बीजाणूंची संख्या आणि वापरण्याची शेवटची तारीख. दुसरी, सोबत काय आहे. पुष्कळ दाणेदार उत्पादनांत ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क असं मिसळलेलं असतं. ते वाईट नाही, पण त्याने पानांना आलेली काळोखी (गडद हिरवेपणा) बुरशीच्या नावावर जाते. काही पाकिटांत पाइन-निलगिरीला लागणारी दुसऱ्या प्रकारची बुरशीही असते. उसाला तिचा उपयोग नाही, उसाला आर्बस्क्युलर, म्हणजे पेशीत झुडूप करणाऱ्या गटातलीच हवी. पाकीट उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका.

आणि दरवर्षी विकत घ्यायचीच असंही नाही. माळाच्या कडेला एक छोटा वाफा करा, त्यात पाकिटातली बुरशी घालून मका किंवा ज्वारी दाट पेरा, स्फुरद देऊ नका. तीन महिन्यांनी पाणी तोडा, झाडं वाळली की मुळांचे बारीक तुकडे करून ती मुळं आणि वाफ्यातली माती एकत्र वापरा. मूळकूज किंवा सूत्रकृमी दिसलेल्या जागी मात्र हा वाफा करू नका, नाहीतर तेही सोबत येतील.

आता, माझ्या शब्दावर सगळा माळ सोपवू नका. पट्टे पाडा. चार प्रकार: दोन पोती डीएपी, बुरशी नाही; दोन पोती आणि बुरशी; एक पोतं, बुरशी नाही; एक पोतं आणि बुरशी. प्रत्येकी सहा सऱ्या, आणि हा संच माळाच्या दोन जागी. नत्र, मळी, वाण, लागणीचा दिवस सगळं सारखं, एका पोत्याच्या पट्ट्यात नत्राची भरपाई युरियातून. पाटाजवळची आणि बांधालगतची सरी मोजणीत धरू नका, तिथला ऊस नेहमीच वेगळा असतो. दोन पट्ट्यांमधल्या दोन सऱ्या मोजणीबाहेर ठेवा, कारण पाणी माती वाहून नेतं.

मला स्वतःला हे पट्टे न पाडल्याचा पस्तावा आहे. मी या कामात नवीन असताना एका प्रात्यक्षिकात भरपूर स्फुरद आणि बुरशी दोन्ही दिली, शेजारी काहीच न दिलेला पट्टा ठेवला. ऊस जोरदार आला, सगळ्यांनी बुरशीची वाहवा केली. पुढच्या वर्षी नुसत्या स्फुरदावर तोच ऊस तसाच आला, तेव्हा मला कळलं की मी लोकांना चुकीचं दाखवलं होतं. ती टोचणी अजून आहे.

फुटवे मोठ्या बांधणीच्या (उसाला माती चढवण्याच्या) आधी मोजा. प्रत्येक पट्ट्यात मधल्या दोन सऱ्यांत दहा-दहा मीटरला खुंट्या मारा आणि तेवढ्यातले फुटवे मोजून लिहा. मामंजींना सोबत घ्या, मोजणी त्यांनाच करू द्या. तोडणीला त्याच खुंट्यांमधला ऊस वेगळा बांधून वजन करा.

मोजणीच्या आधी, साधारण दीड-दोन महिन्यांच्या उसात, बुरशी मुळात शिरली की नाही हेही बघता येतं. जवळच्या कृषी महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असतो. प्रत्येक पट्ट्यातून पाच ठिकाणची बारीक मुळं घ्या; जाड पांढरी नकोत, त्यांच्या फाट्यांवरची दोऱ्यासारखी हवीत. धुऊन ओल्या कागदात गुंडाळून, पट्ट्याचा नंबर घालून न्या. तिथे ती कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, खताच्या पोटॅशच्या नव्हे) दहा टक्के द्रावणात गरम करून पांढरी करतात, व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या साध्या लिहिण्याच्या शाईत काही मिनिटं रंगवतात, धुतात आणि पाहतात. निळी झुडपं दिसली म्हणजे शिरली. कॉस्टिक पोटॅश कातडी जाळतं, तेवढं काम घरी करू नका.

खोडव्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण माळावर पुढे तोच येणार. लागणीत बसलेलं बुरशीचं जाळं खोडव्यात टिकलं पाहिजे. ते जमिनीतल्या तंतूंत असतं, नांगराच्या फाळाने तुटतं. म्हणून पाचट जाळू नका, सरीत दाबून बसवा, बुडखे जमिनीलगत छाटा, आणि बगला (वरंब्याच्या बाजू) फोडणं टाळता आलं तर टाळा. खोडव्याला स्फुरद पहारीने भोक पाडून मुळांच्या टप्प्यात द्या, वर फेकू नका. खोडवा निघाल्यावर तो तुकडा पड ठेवायचा असेल, तर पड न ठेवता ताग किंवा चवळी पेरा. मूळ जिवंत राहिलं की बुरशीही राहते. मोहरी मात्र तिथे पेरू नका.

फुटव्यांची मोजणी झाली की चारही पट्ट्यांचे आकडे मला पाठवा, माळाच्या खरवडलेल्या आणि भर पडलेल्या बाजूचे वेगवेगळे. एका पोत्याचा बुरशीवाला पट्टा दोन पोत्यांच्या बरोबरीने आला, तर त्याच्या पुढच्या लागणीचा हिशोब आपण नव्याने मांडू. नाही आला, तरी पाठवा.